तेविसावा

कागदाची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली.
त्याच हॉलमध्ये आता चाळीस सर्व्हर, कोरे,
अजून स्वतःचं नावही ठाऊक नसलेले.
बाहेर फिनिश जानेवारी, उणे सव्वीस.

इर्या वरच्या खोलीत, मोज्यांवर मोजे.
सगळी उत्तरं तिनं आधीच लिहून ठेवलीत एका फाइलीत:
बूटला एक जीबी, स्वॅपला आठ,
लॉगला वेगळी खोली, तो फुगला तरी घर बुडू नये,
उरलेलं सगळं पाहुण्यांना,
जे येतील, राहतील, आणि ज्यांना कळणारही नाही
की आपण भाड्यानं राहतो.

एंटर.
चाळीस गळ्यांतून एकच हाक: मी कोण?
केबलमधून ज्याला त्याला पत्ता, नाव, गाठोडं.

वडील इथंच रिळं कापायचे,
पातं लावण्याआधी दोनदा मोजायचे.
इर्या एकदाच मोजते. कापलं जातं चाळीसदा.

पहाटे तीनला एकोणचाळीस हिरवे.
तेविसावा थांबलाय.
या डिस्कवर आधीच काहीतरी आहे. पुसू?

फाइलीत हे उत्तर नव्हतं.

ती खाली उतरते, कीबोर्ड काखेत.
जुनी डिस्क, चुकून आलेली, एकच पार्टिशन,
लेबल: टाल्वी. तिच्या भाषेत हिवाळा.
कुणाचा, कुठला, कुठल्या साली, काही नाही.
'वाय'वर बोट टेकतं. पंखे ओरडत राहतात.

मग ती ट्रे ओढते,
डिस्क कोटाच्या खिशात टाकते, नवी बसवते.
तेविसावा पुन्हा विचारतो: मी कोण?

सकाळच्या नोंदीत चाळीसपैकी चाळीस.
खिसा घरी पोचेपर्यंत कोमट होता.