नऊ आणि सात

वसमतच्या सेतू केंद्रात
सुंदराबाई कऱ्हाळे स्वतःचं नाव बघतेय :
आधी नऊ प्रश्नचिन्हं, मग सात.
"हे मलाच इचारायलंय का?"

मी टाइप केलं तेव्हा धड होतं.
एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे,
मधे टक्क्याच्या खुणा, असं धाडलं.
तिकडं कुणी जोडलंच नाही.

सासऱ्याचा खासरा उर्दूत होता, म्हणते,
त्याच्या बापाचा कागद मोडीत.
वाचणारा सापडायचा.

बाराव्यांदा नाव आलं.
फक्त ऱ्ह मोडून
ह-च्या डोक्यावर रफार बसलेला.

चाळिशीत, कंदिलापाशी गिरवलेलं अक्षर ते.
तिनं माझ्या खिशातला पेन काढला,
प्रिंटवरचा रफार खोडला,
कोयत्याचं वळण सावकाश दिलं,
कागद माझ्याकडं सरकवला :

"हां. आता धाड."