सुट्टे

एकतीस वर्षं देवगड डेपोत
ओरडत होतो, सुट्टे द्या, सुट्टे द्या.
आता घरात सुट्टेच सुट्टे.
पलंगाखाली, फडताळात, तांदळाच्या पिंपामागे
जयवंतीची कापडं.

ती गोधड्या शिवते.
मला टाका सरळ येत नाही,
घाटातल्या गाडीसारखा वळणं घेत जातो.
म्हणून लावालावीचं काम अंगावर घेतलं.

आधी पत्र्याची ट्रंक होती.
खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्ल्या
आणि एका पांढऱ्या धोतरावर
गंजाचं कुलूप उमटलं, कडीसकट.
ट्रंक भंगारात.
मग आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, पाच डझनी.
फळ्यांच्या फटींतून वारा खेळतो,
बुरशी धरत नाही;
पण मे महिन्यात भरलेली पातळं
दिवाळीपर्यंत हापूसचा वास सोडत नाहीत
आणि मुंग्या येऊन चौकशी करून जातात.

जरीकाठ, मलमल, जपायचं सगळं
पास्कूने दिलेल्या जुन्या जाळ्यात बांधून
वाशाला टांगलं, आत वेखंडाची पुरचुंडी.
उंदीर जाळ्याला वचकतो
की सुरमईच्या वासाने उलट वर चढतो,
अजून नक्की ठरलेलं नाही.

मग वही केली.
पेटी एक : देवगड ते जामसंडे. निळे.
पेटी दोन : कुणकेश्वरमार्गे. लाल, फुलांचे, ठिपक्यांचे.
पेटी तीन : विजयदुर्ग, मुक्कामी. सतरंजीचे, पडद्यांचे, जाडेभरडे.
आणि चार बोटांचे चौकोन
माझ्या तिकिटांच्या पेटीत,
ती ॲल्युमिनियमची, कोपरा चेपलेली,
डेपोने परत मागितली नाही, मीही आठवण केली नाही.
दोन रुपयांच्या गठ्ठ्याच्या जागी
नझीर टेलरकडची ब्लाउजची कात्रणं,
अर्ध्या तिकिटाच्या जागी
पोरांच्या झबल्यांची.

ती म्हणाली, “कापडाक तिकीट कित्याक?”
म्हटलं, तपासनीस कधीही चढतो.

श्रावणात एका रात्री लाइट गेली.
गोधडी जमिनीवर अर्धी पसरलेली,
तिला हवा होता हिरवा, मोहरीएवढ्या ठिपक्यांचा.
मी बॅटरी शोधली. मग चष्मा. मग वही.
पान सापडेपर्यंत
तिने पेटीत हात घालून
तीन तुकडे अंगठ्याखाली चोळले,
चौथा ओढला आणि सुई लावली.
सकाळी पाहिलं :
हिरवा. ठिपके मोहरीएवढे.
रंग बोटांना कसा कळला गं?
“रंग खय कळता? धुणा कळता.”

त्यानंतर वही थोडी कमी उघडतो.

ऑक्टोबरात सगळं उन्हात काढलं,
खळ्यात, दोरीवर, करवंदीच्या जाळीवर.
मोजदाद केली तर एक गठ्ठा जास्त.
वहीत नाही, मार्ग नाही, नंबर नाही,
सरळसरळ विनातिकीट.
सुतळी सोडली.
खाकी.
उसवलेल्या खिशाच्या जागी
अजून नवा, गडद चौकोन,
आणि खांद्यापासून कमरेपर्यंत
चामडी पिशवीच्या पट्ट्याने घासलेली फिकट वाट,
चौकोनाचौकोनांतून तुटत गेलेली.
मी समजत होतो गणवेश कपाटात आहे.
सहा वर्षं समजत होतो.

विचारलं, कधी कापलास?
तिने दातातली सुई काढली नाही.
बोटाने गोधडीची कड दाखवली,
मग सुई काढून म्हणाली,
“ता काठाक. काठच आधी फाटता.”

संध्याकाळी वहीत नोंद करायला बसलो.
कुठून कुठे, काही सुचेना.
तारीख टाकली, पुढे रेघ मारली
आणि गठ्ठा तिकिटांच्या पेटीत ठेवायला गेलो.
मावत नव्हता. दाबून बसवला.

झाकण तेव्हापासून लागत नाही.