दोन दारांची

वीस टॉवेल-मागांपैकी चार फुंकले
आणि अक्कलकोट रोडच्या शेडमधून
ती आणली. इटालियन. वय एकतीस.
तेल पिते, असं आधीच्या मालकाने सांगितलं नाही;
म्हणाला, लाडाची आहे.

अंबादास गुर्रम, आमचा जॉबर,
त्याने बॉनेटला कान लावला, मागाला लावतो तसा.
"तिसऱ्यात धागा तुटतोय, सावकार."
पार्ट मिळेना.
मागाच्या जुन्या पट्ट्यातून
त्याने गॅस्केट कापलं.

बेचाळीस डिग्रीत, होटगी रोडला
काटा लाल, काच उतरेना,
मागे रिक्षावाल्याचा हॉर्न.
पुष्पलता पदराने वारा घेत:
"त्या चार मागांच्या आवाजात
झोप तरी लागायची."

ऐक, म्हटलं.
आणि तिसरा टाकला.