मांजरपाट

सकाळी साडेसहाला पाणी खाली जायच्याऐवजी
वर यायला लागलं.
आधी काठापर्यंत, मग काठ ओलांडून
मोरीकडे, सावकाश,
कुठलीच घाई नसल्यासारखं.

प्लंबर फोनवर : "बुटीबोरीत आहो भाऊ,
उद्याच्याला येतो ना. तोवर टाका दोन बादल्या."
टाकल्या. तीन टाकल्या.
रबरी पंप मारून मारून खांदा भरून आला.
उमाठे काकूंनी भिंतीवरून सोडा दिला,
अन् सल्ला.
मे महिना. कूलरच्या टाकीला पाणी नाही
आणि इथं पूर.

बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेले.
"मी नाही काही केलं," म्हणाले.
कोणी विचारलं नव्हतं.

दुधाच्या पिशव्या हातात चढवल्या,
मनगटाला रबर लावलं,
कोपरापर्यंत गेलो आत.
थंडगार. अख्ख्या घरात तेवढीच थंड जागा.
हसू आलं, तोंड घट्ट मिटून हसलो.
वळणापाशी बोटांना काहीतरी लागलं,
मऊ, पण जागा न सोडणारं.

बाबा मिलमध्ये कापड तपासायचे, एकतीस वर्षं.
लहानपणी माझे डोळे बांधून
हातात चिंध्या द्यायचे : "सांग."
पॉपलीन. लाँगक्लॉथ. चुकलो की टपली.
पिशवीच्या प्लास्टिकमधूनही कळलं :
मांजरपाट.
आईनं शिवलेली, नाडीची चड्डी.
या घरात आता ती एकच माणूस घालतो.

हळूहळू ओढली, तर एकदम आली.
मागोमाग सगळं पाणी
गटकन खाली.

"काय होतं हो?" स्वयंपाकघरातून वैजू.
बाबांनी खुर्चीचा हात धरला.
"पोछा," म्हणालो. "माझ्याच हातून पडला असेल काल."
"वेंधळाच आहे हा," बाबा मोठ्यांदा म्हणाले,
"लहानपणापासून."

मागच्या नळावर फिनेल टाकून तीनदा धुतली.
सांदीतल्या दोरीवर, काकूंना दिसणार नाही अशी
चादरीच्या आड वाळत घातली.
नागपूरचं ऊन, अर्ध्या तासात कडक.
घडी करताना पाहिलं,
नाडीला तीन गाठी, एकीवर एक,
अजून तशाच.
ओढून ओढून दोरा काळा पडलेला.

दुपारी सक्करदऱ्याला गेलो इलास्टिक आणायला.
दुकानदार म्हणाला, किती मीटर?
मला बाबांची कंबर माहीत नव्हती.
हवेतच दोन हात धरून दाखवली.
मग थोडी आणखी कमी केली.