जोड

उदगीरच्या कॉलेजात फिजिक्सला आम्ही चौघं
आणि मराठीला एकशे दहा.
म्हणून मोठा हॉल त्यांचा,
आणि आमची प्रयोगशाळा म्हणजे
त्याच हॉलचा प्लायवूड ठोकून कापलेला तुकडा.

पलीकडे मुळजकर मॅडम अलंकार शिकवायच्या.
इकडे बिरादार सर सोनोमीटरच्या तारेवर
कागदाचा इवला स्वार बसवायचे.
तार नेमक्या सुरात आली की स्वार उडून पडतो.
एकदा तो पडला तेव्हा
काट्याला कुणाचा हातही लागला नव्हता;
पलीकडे एकशे दहा जण एकदम हसले होते.
सर म्हणाले, नोंद करा.
कुठल्या रकान्यात, ते सांगितलं नाही.

"पोरीला लातूरला का टाकलं नाही?"
आत्याचे मालक दर दिवाळीला विचारायचे.
लातूर म्हणजे खोली, मेस, रविवारची टेस्ट,
आणि आमच्या दुकानाची दोन वर्षं.
पप्पा उत्तर द्यायचे नाहीत. ते मोजत असायचे.
मोटार भरताना बोललं की आकडा चुकतो.

आमचं रिवाइंडिंगचं दुकान बिदर रोडला.
पप्पांचे उस्ताद भालकीचे,
म्हणून वेढे कन्नडात मोजायचे:
ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू…
शाळा मराठीत, भांडण दखनीत, तांबं कन्नडात.
लहानपणी मला वाटायचं,
विजेला तेवढी एकच भाषा कळते.

रस्ता बिरादार सरांनी खडूनं काढून दाखवला होता:
तीन वर्षं इथं बीएस्सी,
मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात, तीन वर्षं तिथं.
"चाराचं काम सहात," आत्या म्हणाली.
वेढे वाढले की चुंबक जोर धरतं
हे मला तेव्हा सुचलं नाही. आत्ता सुचतंय.

रिकाम्या तासाला आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसायचो,
कारण तिथला पंखा चालायचा. पप्पांनीच भरलेला.
काझी सर विचारत होते:
कारण दिसतं, कार्य दिसतं,
त्या दोघांमधलं काही कुणी पाहिलंय?
"वायर, सर," शबाना म्हणाली.
वर्ग खिदळला.
सर हसले नाहीत. फळ्यावर लिहिलं, वायर,
पुढं प्रश्नचिन्ह काढलं,
आणि तास संपेपर्यंत त्याच्याकडेच बघत उभे राहिले.

नांदेडला मी "बीएस्सीवाली".
सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा मला वेगळ्या करता यायच्या,
ड्राफ्टर कुठून धरायचा ते येत नव्हतं.
पहिलं वर्ष ज्यांनी केलं होतं
त्यांच्या हाताला ते तीन बाजूंचे ठोकळे
झोपेतसुद्धा काढता यायचे.
दोन महिने रोज रात्री मी खोडरबरानं शिकले.

मशीनच्या लॅबमध्ये रोध मोजून सांगितला:
दोन पूर्णांक चार, इकडे तिकडे शून्य पूर्णांक एक.
"मठपती, चूक कशाला सांगतेस? आकडा सांग."
सर, आमच्याकडे
चूक न सांगितलेल्या आकड्याला अफवा म्हणतात.
हे मी मोठ्यानं बोलले,
हे मला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं.

शेवटच्या सुट्टीत घरी आले तर
पप्पांच्या चष्म्याचा नंबर वाढलेला.
अर्धी भरलेली मोटार माझ्याकडे सरकवली.
"जोड मार."
दोन्ही टोकांचं वार्निश खरवडायचं,
लखलखीत झालं की पीळ द्यायचा, कथील, वरून स्लीव्ह.
पुस्तकात जोडाला रोध नसतो.
हाताला लागतो. जोड थोडा तापतोच,
पप्पा म्हणाले, तापू दे, सुटू नये एवढंच बघायचं.

मग मी पुढचे वेढे घालायला घेतले.
सदतिसाव्याला आत्याचे मालक दारात.
"काय, संपलं का शिक्षण?"

मूवत्तेंटु, मी तोंडातल्या तोंडात म्हणाले,
आणि मान वर केली नाही.