चू. भू. दे. घे.

भुलीची डॉक्टर मी. अठ्ठावीस वर्षं,
आधी चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, मग जळगावात.
मोडलेली हाडं, अडलेली बाळंतपणं,
लाइट गेले की वॉर्डबॉयच्या हातातल्या टॉर्चवर
हेच औषध शिरेत सोडलेलं. केटामाइन.
आकडे उलटे म्हणा, सांगायचे.
सात म्हणेस्तोवर माणूस गेलेला असायचा.
कुठे, ते मी कधी विचारलं नाही.
परतताना कुणी काही बोलायचं,
सिस्टर म्हणायची, बरळतोय, औषधाचं आहे.
मीही तसंच धरून चालले.

आता रिंग रोडवर, चष्म्याच्या दुकानावर एक खोली.
जाड पडदे, उशी, डोळ्यांवर पट्टी,
आणि तेच औषध थोडं थोडं, चाळीस मिनिटं.
झोप नाही. झोपेच्या अलीकडचं काहीतरी.
शेजारच्या खुर्चीत रेश्मा तडवी, मानसतज्ज्ञ,
मांडीवर वही, बहुधा मिटलेलीच.

लीलाधर भंगाळे आले ते मे महिन्यात,
मानसोपचारवाल्या सरांची चिठ्ठी घेऊन.
सावदा-फैजपूर रस्त्यावर यांचा वजनकाटा.
दिल्लीला जाणारी केळी. भरला ट्रक, रिकामा ट्रक,
वजाबाकी. पावती.
तीन वर्षांत तीन गोळ्या बदलून झालेल्या.
बायको म्हणाली, जेवतात,
पण काय जेवले ते सांगता येत नाही.
डोस वजनावर ठरतो. बासष्ट किलो, एकतीस मिलिग्रॅम.
"काटा बरोबर हाये ना तुमचा?"
त्या दिवशी ते एवढंच बोलले.

पहिल्या खेपेला रेश्मा रजेवर होती.
मी म्हटलं, चालेल, औषध तर औषधच आहे.
जिना उतरताना ते हसत होते.
नवव्या दिवशी भावानं धरून वर आणलं.

रेश्मा रागावली नाही. रावेरकडची ती, शेतातली.
म्हणाली, "मॅडम, तुमच्या औषधानं वाफसा येतो.
चार-पाच दिवस. तेवढ्यात पेरायला कुणी नसलं
तर पुन्हा ढेकळंच."

दुसऱ्या खेपेला, विसाव्या मिनिटाला
पट्टीखालून पाणी आलं.
माझा हात सवयीनं पंपाकडे गेला.
तिनं मान हलवली. बीपी एकशे अडतीस.
राहू दिलं.
मग आवाज, हौदाच्या तळातून यावा तसा:
"घडांवर पोरगं बसेल व्हतं.
उतर म्हटलं नाही मी. मांघे रांग व्हती.
त्याचं वजन मी केळीत धरलं."

ट्रक चोरवडच्या पुढे उलटला होता.
पावतीवर पोराचं नाव नव्हतं,
निव्वळ वजन होतं: नऊ हजार आठशे चाळीस.

मी मॉनिटरकडे बघत राहिले.
बरळणं म्हणून असं किती काही
मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं असेल.

रेश्मानं समजूत घातली नाही.
दुसऱ्या दिवशी विचारलं, पोरगं कसं होतं दिसायला?
"एका पायात चप्पल नव्हती."
तासभर तेवढंच.
मग मंगळवार, पुन्हा औषध, पुन्हा खुर्ची,
एकदा ते आलेच नाहीत, एकदा तिच्यावर ओरडले,
एकदा बायकोनं फोन केला:
आज म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे.
ती फोनवर रडत होती.

सहाव्या खेपेला पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.
प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं, चू. भू. दे. घे.
"चूक माही, भूल तुमची," म्हणाले,
"आता देनं-घेनं कोनाशी करू?"
"त्याची आई कुठे राहते?" रेश्मानं विचारलं.
"पालले. सातपुड्यात."

मग बराच वेळ फक्त एसी.
तिनं पुढचा मंगळवार लिहून घेतला.
मी नळी गुंडाळली, सुई डब्यात टाकली.
माझं काम इथवरच असतं, नेहमी.
खाली ड्रायव्हर थांबला होता.
मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं
आणि बसले.