काट्यावर बैलगाडी

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरचा मजला.
खाली लोखंड फिरतं, वर पंखा,
आणि साडेतीनच्या चहानंतर वाद.

सुकुमार मगदूम जावाचा.
त्याला सगळं आधी जाहीर केलेलं लागतं:
कोण आकडा, कोण अक्षर,
कुणाला माजघरापर्यंत मुभा, कुणाला फक्त सोप्यात.
"नियम हाय म्हणून घर उभं हाय," म्हणतो
आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून बघतो.

दिलशाद पायथॉनची.
"हाक मारली, ओ आली, झालं की.
तुझी भाषा दारातच जात विचारती."
यावर मगदूम गप्प होतो,
हरल्यासारखा नाही,
डब्यात काहीतरी विसरल्यासारखा.

चौगुले सर बावन्न वर्षांचे, सी प्लस प्लस.
"जागा आपण मागून घ्यायची, आपणच परत करायची.
तुमचं काय, जेवून उठायचं,
आणि उष्टी ताटं उचलायला वेगळा माणूस!"
सर, गेल्या महिन्यात तुम्ही परत न केलेल्या जागेनं
सर्व्हर बसला, असं कुणी म्हणत नाही.
सरांसमोर इतपत संस्कार आम्हाला आहेत.

दत्तवाडचा संग्राम हळूच म्हणतो, रुबी.
"साडीचं दुकान काढालायस काय भावा?"
तो विषय तिथंच मिटतो.

मी कुणाचीच नाही.
माझे वडील याच गल्लीत लाकडाचे पॅटर्न करायचे.
एका पॅटर्नवर हजार ओतीव निघायचे,
तरी प्रत्येक ओतीव ते हातात घेऊन वाजवून बघायचे.
बद्द वाजला की बाजूला.
क्लास आणि ऑब्जेक्ट मला कॉलेजात कळायला
अर्धा तास लागला नाही.
वाजवून बघायला मात्र मी शिकले नाही.

तेवढ्यात फोन.
नदीपल्याडच्या साखर कारखान्याचा काटा, भोपळे क्लार्क.
"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर
बैलगाडीला इंजिन नंबर मागालाय."
त्यांच्या आवाजामागं घुंगरं,
आणि कुणीतरी कुणालातरी आईवरनं काहीतरी.

दोन वर्षांपूर्वी आम्हीच लिहिलं होतं:
वाहन हा बाप. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी ही लेकरं.
बापाचं ते सगळ्यांचं.
चुना लावलेल्या भिंतीसारखं स्वच्छ दिसलं होतं तेव्हा,
सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.
कालच्या सुधारणेत मी एक ओळ घातली:
इंजिन नंबर सक्तीचा.

"इंटरफेस पाहिजे होता," मगदूम.
"बापच नको होता," दिलशाद.
"दोन बाप चालले असते," सर,
आणि खालच्या लेथवरचा पोरगा जिन्यात थांबून हसला.

"गाड्या थांबल्यात का?" मी विचारलं.
"न्हाई हो. मी काय केलो, बैलाचं नाव टाकलो.
घेतलं की त्यानं."

पडद्यावर मी रकाना उघडला.
इंजिन नंबर: हरण्या.
इंजिन नंबर: बाशिंग्या.
इंजिन नंबर: पुढारी.
इंजिन नंबर: मारका, जपून.
एकशे बारा गाड्या, सकाळपासून,
आणि वजन एकाचंही चुकलेलं नाही.

कुणी काही बोललं नाही.
मग चौगुले सर चष्मा कपाळावर सारून पुढं वाकले,
"हे डाव्याचं नाव का उजव्याचं?"

भोपळ्यांना विचारलं. डाव्याचं.
उजव्याला जागाच नव्हती.

आता सहा वाजलेत, खालचा लेथ बंद झालाय.
चहाच्या पेल्यांवर साय धरलीय.
मगदूम म्हणतो, दोन बैल, दोन रकाने, विषय संपला.
दिलशाद म्हणते, यादी ठेव, कुणी सांगितलं दोनच असतात.
संग्राम म्हणतो, जोडी ही वेगळीच वस्तू हाय,
ती दोघांतल्या कुणाचीच नसती.
यावेळी त्याला कुणी हसत नाही.
सर अजून पडद्याकडंच बघतायत.
"आणि एक बैल बदलला तर," ते म्हणतात,
"जोडी तीच म्हणायची, का नवी?"